कॉपीप्रमाणे

यासीन होडेकरांच्या हाताखालून गेलेला माणूस रत्नागिरीतल्या कुठल्या कचेरीत नाही, ते सांगा बघू. कोर्टात आहे, जिल्हा परिषदेत आहे, बंदर खात्यात आहे, बँकांमध्ये तर चांगले डझनभर निघतील. साहेबाचं बोलणं ऐकता ऐकता, खाली न बघता, भराभर टाइप करणारा कारकून दिसला की खुशाल समजावं, हा रामआळीतला तो अंधारा जिना चढून गेलेला आहे. त्या जिन्याच्या वर 'सुलेखा टायपिंग इन्स्टिट्यूट' होतं. चोवीस मशीनं, दोन पंखे आणि एक यासीन सर. मालक आप्पा अभ्यंकर. पण ते महिन्याकाठी एकदा यायचे, खिडकीत बसून चहा प्यायचे आणि जायचे. १९८० सालापासून क्लास चालवला तो यासीन सरांनीच.

शिकवण्याची रीत कडक. पहिल्या दिवशीच मुलाच्या हातांवर पुठ्ठ्याचं झाकण यायचं, बटणं दिसूच नयेत म्हणून. समोर स्टँडवर छापील उतारा. त्याला टायपिंगवाले कॉपी म्हणतात. "डोळे कॉपीवर, बोटं बटणांवर आणि अक्कल खाली चपलांजवळ ठेवून यायचं," असं सर सांगायचे. मुलं हसायची, सर हसत नसत. कॉपीत आहे तेच कागदावर उतरलं पाहिजे. कॉपीत चूक असेल तर चूकसुद्धा. चूक कॉपीची असली तर पाप कॉपीचं, तुम्ही हात लावलात की पाप तुमचं, हा त्या क्लासचा कायदा होता.

हे काही त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, चांगलं भोगलेलं होतं. १९७६ साली, एकविसाव्या वर्षी, ते स्वतः सरकारी परीक्षेला बसले तेव्हा उताऱ्यातली एक अख्खी ओळ दोनदा छापली गेली होती. पोराला वाटलं, छापखान्यातला माणूस गाढव असेल, आपण कशाला व्हायचं? त्याने ती ओळ एकदाच टाइप केली. तपासणाऱ्याने अकरा शब्द गाळले म्हणून लाल रेघा मारल्या आणि यासीन नापास झाला. कोर्टातली कारकुनाची जागा त्याच्यासाठी जवळजवळ ठरलेली होती, पण सहा महिने ती कोण अडवून ठेवणार? पुढच्या खेपेला पोरगा उत्तम मार्कांनी पास झाला. जागा मात्र गेली ती गेलीच.

मग हा क्लास मिळाला आणि त्याबरोबर एक शब्द मिळाला, सर. बाप गलबतावरचा खलाशी, आजा खलाशी. राजिवड्याच्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाला कुणी 'अहो' म्हटलेलं नव्हतं. आता मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत चालत गेलं तर दहा माणसं सायकलवरून उतरून "सर, बरे आहात ना?" विचारायची. थोरला भाऊ अस्लम कुवेतला होता. त्याने दोनदा व्हिसा पाठवला, टायपिस्टचीच नोकरी होती. यासीन सर गेले नाहीत. "तिथं मला हाक कोण मारणार, आणि काय म्हणून मारणार?" असं त्यांनी बायकोला, रझियाला, सांगितलं होतं. रझियाने डोक्याला हात लावला, पण पुढे तो विषय काढला नाही.

नव्व्याण्णव-दोन हजारपासून मुलं कमी होऊ लागली. आधी सकाळची बॅच बंद पडली, मग संध्याकाळची अर्धी झाली. चोवीसपैकी दहा मशीनांवर कापड टाकून ठेवलेलं. सर रोज ती कापडं काढायचे, मशीनं पुसायचे, तेल घालायचे आणि परत झाकायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, गंज चढतो. खाऱ्या हवेत चढतोच म्हणा, पण एवढंच काही कारण नव्हतं.

२००१च्या गणपतीनंतर आप्पा महिना व्हायच्या आतच जिना चढून आले. चहा नको म्हणाले.

"यासीन, पुण्याची एक कंपनी आपल्याकडे येतेय. गुढीपाडव्यापासून इथं कॉम्प्युटरचे क्लास."

"आणि मशीनं?"

"काढावी लागतील."

"आणि मी?"

आप्पा सत्तरी ओलांडलेले, मनाने वाईट नव्हते. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिकवणारा त्यांच्या परीक्षेत पास झालेला हवा, असा त्यांचा नियम आहे. जावा म्हणून काहीतरी भाषा आहे. फेब्रुवारीत परीक्षा. तू पास हो, तुझी खुर्ची तुझीच, हा माझा शब्द. नाही झालास तर माझ्या हातात काही नाही रे बाबा."

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय करावं? यासीन सरांनी नवी वही आणली, तिला कव्हर घातलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जावा'.

शिकवायला आली ती तेजस्वी साळवी. पावसची मुलगी. चौऱ्याण्णव साली याच खोलीत, चार नंबरच्या मशीनवर, पुठ्ठ्याखाली हात घालून ती टायपिंग शिकली होती. पुढे पुण्याला गेली, कॉम्प्युटर शिकली, नोकरीला लागली आणि वर्षभरात ती कंपनीच बंद पडली म्हणून परत आली. आता नव्या क्लासची ती पहिली शिक्षिका. दिवाळीआधी दोन कॉम्प्युटर आले, आणि दुपारी दोन ते चार या रिकाम्या वेळात ती सरांना शिकवू लागली.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मॅडम, सुरू करायचं?"

"सर, मला मॅडम काय म्हणता? तेजू म्हणायचात तुम्ही."

"तेव्हा त्या खुर्चीत मी होतो. आता तुम्ही आहात. खुर्चीचा मान असतो."

तिला कानकोंडं झालं, पण सर काही ऐकायचे नाहीत. तास संपेपर्यंत ती मॅडम, आणि जिना उतरल्यावरही मॅडमच.

तिच्या नोट्समधले प्रोग्रॅम सर बघता बघता टाइप करायचे. तिला स्वतःला एवढ्या वेगाने जमत नव्हतं. प्रोग्रॅम चालवण्याआधी कॉम्प्युटर तो तपासतो. स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी पडदाभर चुका दाखवतो. सरांच्या पडद्यावर कधी एक चूक आली नाही. आठवडाभर तिला फार कौतुक वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं.

"सर, तुम्ही चुकतच नाही, हीच पंचाईत आहे. चुका शोधता शोधता शिकतात हो हे."

"मग काय, मुद्दाम चुकू?" सरांनी अगदी सरळ मनाने विचारलं.

एकदा तिच्याच नोट्समध्ये शेवटचा कंस राहून गेला होता. सरांनी तसंच टाइप केलं. प्रोग्रॅम चालेना. त्यांनी वहीवर फूटपट्टी ठेवून एकेक ओळ पडद्याशी ताडून पाहिली आणि येऊन सांगितलं, "मॅडम, कॉपीप्रमाणे आहे, तरी चालत नाही." तिने पाहिलं आणि हसून म्हणाली, "माझाच कंस राहिलाय. घाला ना तिथे." सर जागेवर गेले, आधी नोट्समध्ये पेन्सिलने कंस घातला आणि मगच पडद्यावर घातला. कॉपी देणाऱ्याने कॉपी दुरुस्त केली, आता हरकत नाही. तेजस्वीला ही गंमत वाटली. त्याच वेळी तिने त्यांना धरून हलवायला हवं होतं, पण चोवीस वर्षांच्या मुलीला ते कुठून सुचणार? आणि सरांना हलवायचं म्हणजे तरी कसं?

डिसेंबरात गाडी अडली ती मेथड ओव्हरलोडिंगपाशी. मेथड म्हणजे एक नेमून दिलेलं काम. नाव घेऊन हाक मारली की ते काम होतं. इथवर ठीक. पण तेजस्वी म्हणाली की एकाच नावाच्या दोन, तीन, चार मेथड एकाच ठिकाणी ठेवता येतात. सरांना ते पटेना. वीस वर्षं त्यांनी एका बटणाला एक अक्षर शिकवलं होतं.

"सर, शिफ्ट दाबलं की तेच बटण दुसरं अक्षर देतं ना? तसंच समजा."

"शिफ्ट मी दाबतो," सर म्हणाले. "इथं कोण दाबतं?"

"कोणीच नाही. तुम्ही कंसात काय देता ते बघून कॉम्प्युटर ठरवतो, यातली कुठली मेथड बोलवायची. दोन पूर्णांक दिलेत तर एक, दशांशाचे आकडे दिलेत तर दुसरी."

"नाव एकच?"

"नाव एकच."

सरांनी मान हलवली, पण ती समजल्याची नव्हती. तीन दिवस ते त्या एका पानावर बसून राहिले. चौथ्या दिवशी तेजस्वी पुढचा धडा काढायला गेली तर म्हणाले, "मॅडम, हे कळल्याशिवाय पुढे गेलो तर ती पोपटपंची होईल. आणि मला उद्या दुसऱ्यांना शिकवायचंय."

रविवारी ते घरी पडवीत वही घेऊन बसले होते. रझिया चुलीपाशी, मुलगी समरीन तिच्या हाताखाली. रझियाने बांगडे ठेवलेलं ताट पुढे सरकवलं, "समरीन, साफ कर." समरीनने कल्ले ओढून काढले, पोटं साफ केली. थोड्या वेळाने सुपात तांदूळ आले, "साफ कर." तिने खडे निवडले. मग काजळी धरलेली कंदिलाची काच आली, "साफ कर." तिने कागदाचा बोळा घेऊन काच पुसली. सरांची पेन्सिल हातातच राहिली.

"रझिया, तू हिला तिन्ही वेळा नुसतं 'साफ कर' म्हणालीस. हिला कळलं कसं, काय करायचं ते?"

"हातात काय दिला ता बगून. आंधली हाय काय ती?"

सर उठून उभे राहिले. परत बसले. "बरं, आता असं समज. तू तिला बांगडेच दिलेस आणि नुसतं 'साफ कर' म्हणालीस. एकदा तुला कालवणाला तुकडे हवेत, एकदा तळायला अख्खे हवेत. तर?"

"मंग ती अडून बसनार. नुसत्या बांगड्यावरनं तिला कसा कलनार, मना काय हवाय ता?" रझिया म्हणाली. "आज काय झालाय तुमाला?"

नोट्समध्ये नेमकं तेच लिहिलेलं होतं. आत काय देता त्यावरून मेथड ओळखली जाते, बाहेर काय येणार त्यावरून नाही. नाव तेच, दिलेलं तेच, आणि बाहेर यायचं तेवढं वेगळं, असं लिहिलंत तर कॉम्प्युटर अडून बसतो. दुपारच्या जेवणाला सर दोन घास जास्त जेवले. सोमवारी त्यांनी बांगडा, तांदूळ आणि कंदील तेजस्वीला सांगितला, तेव्हा ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "सर, पुण्यात सहा महिने शिकले मी, पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही. हे मी लिहून घेऊ?"

"लिहा," सर म्हणाले. त्या दिवशी जिना उतरताना त्यांना खरंच वाटलं की खुर्ची राहील. जानेवारीत तर ते संध्याकाळच्या उरल्यासुरल्या टायपिंगच्या मुलांना सांगायला लागले, पाडव्यानंतर या, नवीन शिकवणार आहे.

परीक्षा चिपळूणला होती. पहाटेची एसटी धरून सर गेले, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि पिशवीत फूटपट्टी. सकाळी साठ मार्कांचा लेखी पेपर झाला, तो झकास गेला. ओव्हरलोडिंगवर टीप आली होती, ती त्यांनी पानभर लिहिली. दुपारी चाळीस मार्कांचं प्रात्यक्षिक. त्यात वेगळं पास व्हावं लागायचं.

छापील कागदावर एक प्रोग्रॅम दिला होता आणि वर एक ओळ, की हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घ्या, चालवा आणि आलेलं उत्तर दाखवा. वेळ एक तास. सरांनी तो सहा मिनिटांत टाइप केला. शेजारची पोरं अजून दुसऱ्याच ओळीवर होती. सरांनी तपासणीचा हुकूम दिला आणि त्या राहिलेल्या कंसानंतर पहिल्यांदाच त्यांच्या पडद्यावर चूक आली.

त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली, कागदावर ठेवली, एकेक ओळ ताडली. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. कॉपीप्रमाणे होतं, टिंबाचा फरक नव्हता. मग त्यांनी पडद्यावरची तक्रार नीट वाचली आणि त्यांना सगळं दिसलं. 'ॲड', म्हणजे बेरीज, नावाच्या दोन मेथड होत्या. दोघींना दोन पूर्णांकच द्यायचे, फक्त एकीतून पूर्णांक बाहेर यायचा आणि दुसरीतून दशांश. बांगडेच बांगडे. अकराव्या ओळीत, दुसऱ्या मेथडच्या कंसात दोन ठिकाणी पूर्णांकाच्या 'इंट'च्या जागी दशांशाचं 'डबल' केलं की काम झालं. दोन शब्द, अर्ध्या मिनिटाचंही काम नाही. बोटं बटणांवर गेली.

आणि तिथेच थांबली. कॉपीतली चूक आहे. छापखान्यातल्याने केलेली. आपण हात लावायचा?

त्यांनी हात वर केला. पुण्याहून आलेला परीक्षक, तिशीतला, पांढऱ्या शर्टातला, जवळ आला.

"साहेब, कॉपीत चूक आहे. अकराव्या ओळीत. दुरुस्त करू का?"

"पेपरबद्दल काही विचारायचं नाही, काका," तो म्हणाला आणि पुढे गेला.

काका. सर थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग चाळीस मिनिटं ते हात मांडीवर ठेवून बसले. दोनदा बोटं उचलली, दोनदा परत ठेवली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या लाल रेघा त्यांना दिसत होत्या, अकरा शब्दांवरच्या. तेव्हा न विचारता हात लावला होता. आज विचारलं होतं, आणि कोणी हो म्हणालं नव्हतं. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा त्यांनी उत्तराच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अकराव्या ओळीत चूक आहे. कॉपीप्रमाणे ठेवली आहे.' खाली सही केली.

वाईट याचंच वाटतं की माणूस खुशीत घरी आला. चिपळूणच्या बाजारातून रझियासाठी बांगड्या आणल्या, समरीनसाठी खजुराचा पुडा. पेपर छान गेला म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन वाजता जिना चढले तेव्हा तेजस्वी दारातच उभी होती.

"सर, प्रात्यक्षिकात काय आलं?"

सरांनी सांगितलं, अगदी रझियाच्या तळायच्या आणि कालवणाच्या बांगड्यांसकट. कशी चूक ओळखली, का ओळखली. ऐकताना ती मान डोलवत होती, तिचा चेहरा फुलत होता.

"मग तुम्ही डबल केलंत."

"नाही. मी कशाला हात लावीन? विचारलं परीक्षकाला, तो हो म्हणाला नाही. म्हणून कॉपीप्रमाणे ठेवलं आणि तसं लिहून दिलं. चूक त्यांची आहे, मार्क मला द्यावेच लागतील."

तेजस्वी खुर्चीत बसली. खाली रामआळीत कोणी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"सर," ती म्हणाली, "ती चूक मुद्दाम घातलेली असते. तुम्हाला ती काढता येते का, तेच बघायचं असतं."

"मुद्दाम?"

"हो."

"छापील प्रश्नपत्रिकेत? मुद्दाम?"

तिने मान हलवली. "हे आधी सांगायचं मला सुचलंच नाही, सर." तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून सरांनी आधी तिलाच समजावलं. असू दे मॅडम, होतं असं, तुमचा काय दोष. मग ते उठून मशीनांवरची कापडं काढू लागले. चोवीसही मशीनं त्यांनी त्या दुपारी पुसली, आणि चार वाजले तरी हात थांबला नाही.

निकाल पंधरा दिवसांनी आला. लेखी साठपैकी चोपन्न. प्रात्यक्षिकात शून्य. कंपनीने म्हणे लेखीला एवढे मार्क पडलेले पाहून पेपर पुन्हा काढून पाहिला, आणि सरांची ती चिठ्ठी वाचून तिथे हशा पिकला. ही शेवटची गोष्ट तेजस्वीने सरांना सांगितली नाही. आप्पांनी सांगितली, आणि सांगून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं.

"जूनमध्ये परत देता येते, सर," तेजस्वी दोनदा म्हणाली. "आता तुम्हाला माहीत आहे. डोळे मिटून पास व्हाल."

इथे सरांचं चुकलं, हे त्यांच्यावर माया करणाऱ्या माणसानेही कबूल करावं. द्यायला हवी होती जूनमध्ये. पण माणूस आतून मोडला होता. पहिल्यांदा हात लावला म्हणून गेलं, दुसऱ्यांदा लावला नाही म्हणून गेलं. आता तिसऱ्यांदा काय करायचं ते कुणाला विचारायचं, असं ते रझियाला म्हणाले. रझियाने भात वाढला. आणि जूनपर्यंत खुर्ची तरी कुठे थांबणार होती? पाडव्यासाठी साताऱ्याचा एक मुलगा ठरलासुद्धा.

मार्चच्या अखेरीला मशीनं न्यायला माणसं आली. तेवीस मशीनं गोणपाटात बांधून जिन्यावरून खाली गेली. चार नंबरचं तेवढं आप्पांनी सरांना ठेवायला दिलं. माणसं खाली चहा पीत होती तेवढ्यात सरांनी त्या मशीनवर कागद चढवला आणि टाइप करायला सुरुवात केली. रिकाम्या खोलीत तो आवाज नको इतका मोठा वाटत होता. तेजस्वी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी बसून ऐकत राहिली. जुन्या मशीनवर महिरपी कंस नसतात, म्हणून सर तेवढ्या जागा सोडत गेले आणि शेवटी पेनने कंस काढले. मग कागद तिच्या टेबलावर ठेवला, मशीनवर कापड टाकलं, आणि ते उचलून जिना उतरले. खालच्या पायरीशी त्यांच्या चपला होत्या. वाकायला येईना म्हणून मशीन आधी जमिनीवर ठेवावं लागलं.

एप्रिलपासून यासीन होडेकर कोर्टाच्या फाटकाबाहेर, स्टॅम्पवाल्याच्या शेजारी, टेबल टाकून बसू लागले. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, संमतीपत्रं. जे येतील त्यांचा मसुदा स्टँडला लावायचा आणि तसाच उतरवायचा. आत, कोर्टात, त्यांचे चार विद्यार्थी होते. सुरुवातीला ते येता-जाता थांबायचे, "सर" म्हणायचे, आणि मग काय बोलावं ते न सुचून घाईने आत जायचे. पुढे पुढे ते मागच्या फाटकाने जाऊ लागले. गिऱ्हाइकं "ओ टायपिस्ट" म्हणत. काही "चाचा" म्हणत. सर दोन्ही हाकांना ओ देत.

मे महिन्यात एका दुपारी तेजस्वी आली. उन्हाने चेहरा लाल झालेला. टेबलासमोर एक माणूस मसुदा घेऊन उभा होता, त्याला तिने थांबायची खूण केली.

"सर, तुम्ही ठेवलेला कागद, परीक्षेतला तो प्रोग्रॅम, अकराव्या ओळीत डबल केलेला, मी आज कॉम्प्युटरवर घेतला. इतके दिवस धीरच होत नव्हता." तिने पर्समधून घडी काढून टेबलावर ठेवली. भोकांच्या कडांचा तो प्रिंटरचा कागद. त्यावर दोनच आकडे, दोन्ही मेथडची उत्तरं, एकाखाली एक. तीस. तीस पूर्णांक पंच्याहत्तर शतांश.

सरांनी चष्मा वर केला, आकडे पाहिले. खूप वेळ पाहिले.

"कॉपीप्रमाणेच टाइप केलंस ना?" त्यांनी विचारलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते तिला मॅडम म्हणाले नव्हते.

"एक अक्षर बदललं नाही, सर."

"पहिल्याच फटक्यात चाललं?"

"पहिल्याच."

"म्हणजे मला येत होतं."

"येत होतं, सर," तेजस्वी म्हणाली. "मी वर्गात अजून बांगडाच सांगते. सगळ्यांना लगेच कळतं."

सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत, नुसती मान हलवत राहिले. मग तो कागद चौघडी करून शर्टाच्या खिशात, पेनांच्या मागे ठेवला. तेजस्वी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मसुदावाला माणूस पुढे सरकला.

"चाचा, जरा घाई आहे. काही चुकलंमाकलं असलं लिहिताना तर तुम्हीच बघून घ्या."

सर त्या मसुद्याकडे बघत राहिले. "तसं लिहून द्या," ते म्हणाले आणि कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.